गाईडच्या ‘नाही’चा खर्च आयोजकानं उचलावा

प्रति,
हिवाळ्यात गुलमर्ग आणि मनालीला माणसं घेऊन जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्था, ट्रेकिंग ग्रुप आणि साहस-पर्यटन आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की तुमची हिवाळी पत्रकं फिरू लागतात. पूर्वी त्यांत औली किंवा गुलमर्गचा प्राथमिक स्की कोर्स एवढंच असायचं. आता ‘ऑफ-पिस्ट’ (आखलेल्या उतारांबाहेरचं स्कीइंग), ‘बॅककंट्री’ (गस्त नसलेला मोकळा डोंगर), ‘पावडर’ (ताजं भुसभुशीत बर्फ) हे शब्द ठळक अक्षरांत दिसतात, आणि हेलि-स्कीइंगची चौकशी करणारी मंडळीही आपल्यात वाढली आहेत. हेलिकॉप्टरनं चार हजार मीटरच्या धारेवर उतरायचं आणि अजून कुणाचीही रेघ न उमटलेल्या बर्फातून स्की किंवा स्नोबोर्डवर खाली यायचं. या खेळावर माझं प्रेम आहे. तो बंद करा असं सांगण्यासाठी हे पत्र नाही. तुम्ही सहभागींकडून पैसे कसे घेता आणि कोणत्या अटींवर घेता, एवढ्याच गोष्टीबद्दल मला बोलायचं आहे, कारण माणसं वाचणं किंवा न वाचणं बऱ्याचदा तिथंच ठरतं.

आधी या खेळाच्या ओढीबद्दल, कारण ती मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं फोल आहे. रोलरनं दाबून सपाट केलेल्या उतारावर स्कीच्या कडा बर्फाला घासतात, खरखर ऐकू येते, पाय थरथरतात. ताज्या भुसभुशीत बर्फात यातलं काही नसतं. कडा लावायला खाली टणक असं काही सापडतच नाही. माणूस गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत बर्फात असतो आणि तरी तरंगत असतो. वळण घेताना वजन एकदम सोडून द्यावं लागतं, आणि नवख्याला तेच जमत नाही, कारण घाबरलेलं शरीर मागे रेलतं. एकदा ते जमलं की वळणामागून वळण आपोआप येतं, बर्फाचा फवारा छातीवर, तोंडावर उडतो आणि खाली पोहोचल्यावर माणसं लहान मुलांसारखी ओरडतात. स्नोबोर्डवाल्यांना तर हे बर्फ जास्तच मानवतं, रुंद फळी त्यावर सहज तरंगते. चढून गेलात तर असा उतार दिवसाकाठी एखाद-दुसरा मिळतो. हेलिकॉप्टरनं गेलात तर आठ-दहा मिळतात. ज्यानं हे एकदा अनुभवलं त्याला ‘कशाला जिवावर उदार होता?’ असं विचारून उपयोग नाही. तो परत जाणारच.

हा धंदा सुरू झाला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात. हान्स ग्मोझर हा ऑस्ट्रियात जन्मलेला पर्वतीय गाईड कॅनडात स्थायिक झाला होता. 1965 च्या वसंतात त्यानं बुगाबू पर्वतरांगेत फक्त दोन प्रवासी नेणाऱ्या छोट्या बेल 47 हेलिकॉप्टरनं आपल्या ग्राहकांना माथ्यावर पोहोचवायला सुरुवात केली. तोवर हीच माणसं स्कीच्या तळाला कातडी पट्टे लावून तासन् तास चढायची. त्या चढाईत एक गोष्ट नकळत होत असे: डोंगर कळत असे. चढताना पायाखाली बर्फ ‘भुस्स’ आवाज करून खचला तर थर कच्चा आहे हे तिथंच समजे. वारा कुठल्या बाजूनं बर्फ आणून कुठं साठवतोय, कॉर्निस, म्हणजे धारेबाहेर आलेली बर्फाची कड, कुठं लटकतंय, सकाळी टणक असलेला पृष्ठभाग उन्हानं किती वेळात सैल होतोय, हे सगळं त्या चार तासांत अंगात मुरे. थकवाही मदत करी. दमलेला माणूस वर पोहोचल्यावर जरा थांबतो, विचार करतो.

हेलिकॉप्टर हे चार तास चार मिनिटांवर आणतं. उत्साहानं भरलेली, न दमलेली माणसं अशा उताराच्या माथ्यावर उभी राहतात, ज्याच्याबद्दल त्यांच्या स्वतःच्या शरीराला काहीच ठाऊक नाही. या खेळाचा मुख्य धोका मला इथं दिसतो. चढाईनं जे शिकवलं असतं, ते सगळं आता दुसऱ्या कुणीतरी, म्हणजे गाईडनं आणि त्याच्यामागच्या व्यवस्थेनं, पुरवावं लागतं.

कॅनडातल्या लोकांनी ही व्यवस्था कशी बांधली ते मुद्दाम सांगते. रोज सकाळी पाहुणे उठण्याआधी गाईडांची बैठक होते. रात्रीतला बर्फ, वारा, तापमान, आदल्या दिवशी कुठं बर्फ सुटून खाली आला, हे मांडलं जातं. मग त्यांच्या भागातल्या एकेका उताराचं नाव घेऊन आज तो उघडा की बंद हे ठरतं. उघडा ठरवायला सगळ्यांचं एकमत लागतं, बंद करायला एकट्या गाईडची शंका पुरते. एकदा बंद ठरलेला उतार दिवसभर बंद. दुपारी ऊन पडलं, पाहुणे कितीही मागे लागले, तरी वर उभं राहून तो निर्णय फिरवता येत नाही. शिवाय 1991 पासून तिथल्या हिमस्खलन संघटनेनं ‘इन्फोएक्स’ नावाची देवाणघेवाण चालवली आहे. एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या कंपन्या रोज संध्याकाळी आपापल्या भागात काय दिसलं ते एकमेकांना कळवतात. ग्राहकासाठी भांडणारी माणसं बर्फाची माहिती मात्र लपवत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आपल्या संस्थांची आठवण झाली. आपल्याकडे एका ग्रुपचा अपघात दुसऱ्या ग्रुपला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेतून कळतो.

आणि एवढं करूनही डोंगर फसवतो. 12 मार्च 1991 ला बुगाबूमध्येच, या खेळाच्या जन्मभूमीत, अनुभवी गाईड सोबत असताना एका हिमस्खलनात नऊ स्कीअर गेले. 4 मार्च 2025 ला अलास्कात गर्डवुडजवळ तिघे गाडले गेले. त्यांच्या एअरबॅग (हिमस्खलनात फुगून माणसाला वर राहायला मदत करणाऱ्या पिशव्या) उघडल्या होत्या, ट्रान्सीव्हरचे (गाडलेला माणूस कुठं आहे ते सांगणाऱ्या यंत्राचे) सिग्नलही मिळत होते. पण ते 40 फुटांपासून जवळजवळ 100 फुटांपर्यंत खोल होते. इतक्या खोलवर कुणी खणू शकत नाही. महागडी एअरबॅग घेतली म्हणजे आपण सुरक्षित, असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

हिमस्खलन कसं होतं, ते थोडक्यात असं. 30 ते 45 अंशांचा उतार स्कीला सर्वांत आवडता आणि हिमस्खलनालाही तोच आवडता. हंगामाच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो, मग कोरडे, थंड दिवस येतात. त्या थंडीत तळाच्या बर्फाचे दाणे एकमेकांना चिकटेनासे होतात, साखरेसारखे सुटे होतात. त्यावर पश्चिमी झंजावात येऊन मीटरभर नवा बर्फ टाकतो आणि वारा तो दाबून त्याची लादी करतो. साखरेवर ठेवलेली ही लादी एका माणसाच्या वजनानं तुटते. तुटते तेव्हा त्याच्या पायाखालून नाही, बऱ्याचदा त्याच्या वरच्या बाजूनं तुटते, आणि तो तिच्या मधोमध असतो. आधी दहा जण तिथून सुखरूप गेले असतील, तर अकराव्याच्या बाबतीत त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

हेलिकॉप्टरचा स्वतःचा धोका वेगळाच. चार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश राहते, म्हणजे पात्यांना आधारच कमी. खाली उतरताना पात्यांच्या वाऱ्यानं बर्फाचा धुरळा उठतो आणि वैमानिकाला जमीन व आकाश यांतला फरक दिसेनासा होतो. म्हणून उतरण्याच्या जागेवर गाईड काठ्या रोवून ठेवतात, नजरेला काहीतरी पकडायला मिळावं म्हणून. 27 मार्च 2021 ला अलास्कातल्या निक हिमनदीजवळ हेलि-स्कीचं हेलिकॉप्टर अशाच व्हाइटआउटमध्ये धारेवर आदळलं. सहापैकी पाच जण गेले, त्यांत झेक उद्योगपती पेत्र केल्नर होते. त्या अपघाताच्या चौकशीत पुढे आलेली एक बाब मला जास्त अस्वस्थ करते: हेलिकॉप्टरशी संपर्क थांबल्यानंतर ते बेपत्ता असल्याची खबर द्यायला सुमारे दोन तास गेले. पैशाची कमतरता नव्हती, यंत्रंही होती. घड्याळाकडे पाहत बसण्याचं काम नक्की कुणाचं, एवढंच पक्कं नव्हतं.

आपल्याकडे हा विषय परका वाटायचं कारण नाही. 15 जून 2025 ला केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळलं आणि सातही जण गेले. त्यांत महाराष्ट्रातले भाविक होते. हिमालयातल्या दरीत ढग कसे भरतात आणि वेळापत्रकाचा रेटा काय करतो, हे आपण जवळून पाहिलं आहे. मनालीत हनुमान टिब्बा, देव टिब्बा, रोहतांगच्या परिसरात गेली तीस-एक वर्षं हेलि-स्कीइंग चालू आहे. दरी तशीच अरुंद, हवा तशीच विरळ.

तरी तुमच्यापैकी बहुतेक जण म्हणतील, हेलिकॉप्टर कुणाला परवडतंय? खरं आहे. पण गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणारा पाळणा, परवडतो. गुलमर्ग 2,650 मीटरवर. पहिला टप्पा 1998 मध्ये कोंगडोरीपर्यंत झाला, 2005 मध्ये दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरपर्यंत पोहोचला. जे काम बुगाबूत हेलिकॉप्टर करतं, तेच इथं तार करते. चढाई पुसून टाकते. वरच्या स्टेशनच्या समोरचा भाग गस्तीखाली असतो, पण धारेवरून डावी-उजवीकडे थोडं सरकलं की पुढं कुणाचं नियंत्रण नाही. आणि ‘पावडर’ तिथंच असतो. मुंबईहून सकाळच्या विमानानं निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी चार हजार मीटरवर, अनोळखी उतारावर उभा असतो. त्याचं डोकं विरळ हवेनं दुखतंय की उत्साहानं भणभणतंय, हे त्यालाही सांगता येत नाही.

या डोंगरानं काय केलं आहे ते आठवा. फेब्रुवारी 2010 मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे 17 जवान हिमस्खलनात गेले. बर्फ हाच ज्यांचा अभ्यासक्रम, अशी ती माणसं होती. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटच्या हापतखुडमध्ये दोन पोलिश स्कीअर गेले. 2024 चा जानेवारी गुलमर्गसाठी जवळजवळ कोरडा गेला, हिरव्या-तपकिरी उतारांचे फोटो देशभर फिरले. मग बर्फ आला आणि 22 फेब्रुवारीला एक रशियन स्कीअर गेला. कोरड्या महिन्यानंतर बर्फ पडला की हॉटेलं भरतात, चुकलेला हंगाम भरून काढायची सगळ्यांना घाई असते. नेमक्या त्याच दिवसांत तळाचा थर सर्वांत अविश्वासू असण्याची शक्यता असते. आता हिवाळे असेच उशिरा आणि एकदम येऊ लागले आहेत, त्यामुळे ही परिस्थिती अपवाद राहील असं मला वाटत नाही.

संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था रोज हिमस्खलनाचा इशारा देते. तो जरूर वाचा. पण तो जिल्हानिहाय आणि अमुक उंचीच्या वर असा असतो. तुमच्यासमोरच्या घळीबद्दल तो काही सांगत नाही. ते सांगणारा माणूस एकच: तो स्थानिक गाईड.

आता माझ्या मुद्द्यावर येते. त्या गाईडला आपण कोणत्या कात्रीत उभं करतो?

काही हेलि-स्की कंपन्या आठवड्याला अमुक इतके हजार मीटर उताराची हमी देतात. कमी झालं तर पैसे परत, जास्त झालं तर जादा पैसे. ऐकायला हे प्रामाणिक वाटतं. पण याचा अर्थ, खराब हवामानाचा प्रत्येक तास कुणाच्या तरी खिशाला झोंबतो. आपल्याकडची रीत याहून वाईट आहे. चार दिवसांचं पॅकेज, विमानाची तिकिटं काढलेली, परतावा शून्य, आणि पत्रकावर गुडघाभर बर्फाचा फोटो. तीन दिवस ढगात गेले की चौथ्या दिवशी गटातल्या प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब असतो. एका अशा गटाबरोबर मी होते. शेवटच्या दिवशी धारेवर पोहोचल्यावर गाईडनं काठी बर्फात खुपसून पाहिली आणि ‘आज इथून नको’ म्हणाला. बारामुल्ला जिल्ह्यातलाच, तिथंच वाढलेला माणूस. गटानं त्याच्याशी वाद घातला, मग पुण्यातल्या आयोजकाला फोन लावला. आयोजकानं गाईडला जे सांगितलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं: ‘लोकं नाराज होतायत, थोडं जमवून घ्या.’ गाईडनं जमवून घेतलं नाही, आम्ही गोंडोलानं खाली आलो. पुढच्या वर्षी त्या आयोजकानं दुसरा गाईड घेतला.

त्या डोंगरावर ‘नाही’ म्हणणं हेच गाईडचं कौशल्य, आणि आपण त्याला त्याचीच शिक्षा दिली. पुढच्या वेळी तो किंवा त्याचा धाकटा भाऊ काय म्हणेल, याचा विचार करा. त्याचं घर या हंगामावर चालतं. त्याच्या एका शब्दावर आपल्या मुलांचे जीव आहेत आणि त्या शब्दासाठी त्याला रोजगार गमवावा लागत असेल, तर गुन्हा आपला आहे.

म्हणून माझी मागणी अशी. गाईडचं मानधन दिवसाचं असावं, उताराचं नसावं. माणसं वर गेली काय, दिवसभर हॉटेलात बसली काय, त्याला तेवढेच पैसे मिळावेत, आणि हे लेखी असावं. सहभागींकडून पैसे घेतानाच दोन दिवस वाया जातील असं धरून चला. ते दिवस गोंडोलाखालच्या सोप्या उतारावर, ट्रान्सीव्हरच्या सरावात किंवा नुसते बसून जातील, हे पत्रकात मोठ्या अक्षरांत छापा. हेलि-स्कीइंगची चौकशी असेल तर उड्डाण न झालेल्या दिवसाचा खर्च कुणी सोसायचा हे आधी विचारा आणि तो भार गाईड किंवा वैमानिकावर पडत असेल तर त्या कंपनीकडे जाऊ नका. धारेवर उभ्या असलेल्या गाईडला आयोजकानं फोन करायचा नाही, हाही नियम हवा. ‘असं केलं तर बुकिंग येणार नाहीत’ हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. थोडी कमी येतील. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून हेच केलं, तर कमी पैशांत जास्त बर्फाचं आश्वासन देणारा एकटा पडेल. स्पर्धक असूनही कॅनडातल्या कंपन्या बर्फाची माहिती वाटून घेऊ शकतात, तर आपण एक अट सारखी ठेवू शकतो. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघानं यात पुढाकार घ्यावा अशी माझी विनंती आहे. गडकिल्ल्यांवरच्या बचावकार्यासाठी आपण एकत्र येऊ शकलो, हे त्याच पठडीतलं काम आहे.

बचावाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास झाला तर तिघांपैकी एखादा. म्हणजे लष्कर, पोलीस, गस्तीपथक कितीही तत्पर असलं तरी वाचवणारे हात शेजारच्याचेच असतात. ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं ही तिन्ही प्रत्येकाच्या अंगावर हवीत, गाईडच्या पिशवीत एक संच असून भागत नाही, कारण गाडला जाणारा गाईडही असू शकतो. स्नोबोर्डवाल्यांचे दोन्ही पाय एका फळीला बांधलेले असतात आणि त्यांच्या बांधण्या स्कीसारख्या आपोआप सुटत नाहीत. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळीत असा माणूस डोकं खाली करून पडला, तर त्याला स्वतःहून निघता येत नाही. झाडीत कायम जोडीनं, एकमेकांच्या नजरेत राहूनच उतरायचं.

दुसरी गोष्ट संपर्काची. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. तरी दरवर्षी अर्धा गट तेच घेऊन येतो. परदेशात सर्रास वापरली जाणारी उपग्रह संदेश-यंत्रं आपल्याकडे परवानगीशिवाय बेकायदा आहेत, ती बॅगेत टाकून नेणं हा उपाय नव्हे. पोस्टपेड फोन कुणाकडे आहेत, खाली हॉटेलात कोण थांबणार, किती वाजता फोन आला नाही की त्यानं कुणाला कळवायचं, हे निघण्याआधी कागदावर लिहा. अलास्कातले ते दोन तास असेच गेले.

विम्याचे कागदही वाचा. ऑफ-पिस्ट आणि हेलि-स्कीइंग बऱ्याच पॉलिसींत वगळलेलं असतं. निसर्गाच्या बाजूनं एवढंच म्हणते की फ्रान्सनं 1985 च्या पर्वतविषयक कायद्यानं मौजेसाठी हेलिकॉप्टरनं माणसं डोंगरावर उतरवणं बंद केलं, आणि तिथं स्कीइंग काही संपलं नाही. आपल्या हिमालयात ही वाढ कुठवर व्हावी यावर वेगळं बोलायला हवं.

शेवटी एक काम माझ्याकडे घेते. ट्रान्सीव्हरनं शोधण्याचा सराव करायला बर्फ लागत नाही. एखादं मैदान, थोडं उंच गवत आणि पोत्यात बांधून लपवलेलं चालू यंत्र एवढ्यावर तो होतो. हंगामाआधीचे दोन-तीन रविवार मी यासाठी मोकळे ठेवते. ज्या संस्थेची माणसं जानेवारीत गुलमर्गला जाणार आहेत, तिनं कळवावं, यंत्रं घेऊन मी येईन. येताना तुमचं या वर्षीचं पत्रकही दाखवा. अटी त्यात कशा लिहायच्या ते तिथंच बसून ठरवू.

आपली,
सह्याद्रीत वाढलेली आणि हिमालयात स्की करणारी एक गिर्यारोहक